बोटाखालचा अहर्गण

भोपाळच्या शाहपुऱ्यात 22 जुलै 2009 रोजी सूर्य उगवला तोच कुरतडलेला. पावणेसहाच्या सुमारास तो क्षितिजावर आला, तेव्हा ग्रहणाला सुरुवात होऊन काही वेळ झाला होता. 6 वाजून 22 मिनिटांच्या आसपास तो पूर्ण झाकला गेला. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा सुरतेकडून देशात शिरला आणि इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा पूर्वेला निघून गेला. भर पावसाळ्यातलं ग्रहण. देशात कितीतरी ठिकाणी ढगांनी घात केला आणि लोकांना अंधाराशिवाय काही दिसलं नाही.

फोनमधल्या आकाशाला ढग नसतात. आकाश दाखवणारं कुठलंही चांगलं अ‍ॅप उघडावं, ठिकाण शाहपुरा, भोपाळ असं ठेवावं, तारीख 22 जुलै 2009 करावी, वेळ सकाळी 5 वाजून 50 मिनिटं. ईशान्येकडे कललेल्या पूर्व क्षितिजाला लागून चंद्रकोरीसारखा सूर्य दिसेल. आता काळाचा वेग साठपट करा, म्हणजे आपल्या एका सेकंदात तिथलं एक मिनिट जाईल. अर्ध्या मिनिटात सूर्य सात अंश वर चढतो आणि संपूर्ण झाकला जातो. पण साठपट वेगात खग्रास अवस्था तीनच सेकंद टिकते, कारण भोपाळला ती मुळात तीनेक मिनिटांची होती. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपलं! म्हणून 6 वाजून 21 मिनिटांना थांबायचं, वेग पुन्हा एकपट करायचा आणि फोन हातात धरून ती तीन मिनिटं खऱ्या वेगाने जाऊ द्यायची. वर शुक्र उजळलेला दिसेल. एका तासासाठी जो वेग योग्य, तो तीन मिनिटांसाठी अगदी चुकीचा. काळ हाताळण्याचा पहिला धडा इथेच मिळतो.

स्टेलेरियम, स्कायसफारी, स्काय मॅप, नाव कुठलंही असो, काळासाठी या अ‍ॅपमध्ये साधारण तीन गोष्टी हाताशी असतात. एक, तारीख आणि वेळ थेट भरणं. दोन, काळाचा वेग वाढवणं, कमी करणं, थांबवणं किंवा उलटा फिरवणं. तीन, एका ठरावीक टप्प्याने उडी मारणं: एक मिनिट, एक तास, एक दिवस, एक वर्ष. शिवाय ‘आत्ता’ असं एक बटण असतं, ते दाबलं की अ‍ॅप पुन्हा फोनच्या घड्याळाला जोडलं जातं. बहुतेक लोक पहिल्या दोन गोष्टी वापरतात. खरी गंमत तिसरीत आहे, पण तिथे जाण्याआधी या पडद्यामागे काय चालतं ते पाहून घेऊ.

अ‍ॅपला ‘22 जुलै’ कळत नाही, ‘पहाट’ही कळत नाही. त्याच्या पोटात काळ म्हणजे एकच आकडा असतो: एका ठरलेल्या आरंभापासून किती दिवस झाले, अपूर्णांकासह. खगोलशास्त्रज्ञ या आकड्याला ज्युलियन दिनांक म्हणतात. त्याचा आरंभ इसवी सनापूर्वी 4713 च्या 1 जानेवारीच्या माध्यान्हापासून धरलेला आहे, आणि 1 जानेवारी 2000 च्या माध्यान्हाला तो आकडा 2451545 होता. वेग साठपट केला की अ‍ॅप पडद्यावर प्रत्येक नवं चित्र काढताना गेल्या चित्रापासून किती खरा वेळ गेला ते पाहतं, त्याला साठने गुणतं, मूळ आकड्यात मिळवतं आणि त्या नव्या आकड्यासाठी सूर्य, चंद्र, ग्रह कुठे असतील ते पुन्हा मांडतं. उलटा वेग म्हणजे मिळवण्याऐवजी वजा करणं. आकाश फिरवलं जात नाही. आकडा बदलतो आणि आकाश दर वेळी नव्याने गणलं जातं.

हा आकडा आपल्याकडच्या गणितींना चांगला परिचयाचा आहे. त्याला अहर्गण म्हणतात, म्हणजे दिवसांची गणती. कलियुगाच्या आरंभापासून मोजला तर अहर्गण अठरा लाखांच्या पुढे जातो. इतक्या मोठ्या आकड्याने प्रत्येक ग्रहाचा गुणाकार-भागाकार हाताने करायचा म्हणजे जिकिरीचं काम. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 साली, म्हणजे शके 1442 मध्ये, ‘ग्रहलाघव’ लिहिताना यावर फार सुंदर तोड काढली. चालू शकातून 1442 वजा करायचे आणि उरलेल्या वर्षांना 11 ने भागायचं. जो भागाकार येईल ती ‘चक्रं’. बाकी राहिलेल्या वर्षांवरून, अधिकमास आणि क्षयतिथींचा हिशेब धरून, अहर्गण काढायचा. अकरा वर्षांचे दिवस 4016, म्हणून अहर्गण कधीच त्यापुढे जात नाही. शके 1947 साठी पाहा: 505 वर्षं, म्हणजे 45 चक्रं आणि वर 10 वर्षं. आरंभी ग्रह कुठे होता तो ‘क्षेपक’, आणि प्रत्येक चक्रामागे किती फरक धरायचा तो ‘ध्रुवक’. या दोन्ही गोष्टी आधीच मांडून ठेवलेल्या. पंचांग करणाऱ्याला फक्त छोटा आकडा हाताळायचा.

1957 साली पहिला स्पुटनिक अवकाशात गेला तेव्हा त्याचा माग काढणाऱ्या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनाही हीच अडचण आली. ज्युलियन दिनांकाचा आकडा त्या वेळच्या संगणकांना फार लांब होत होता. त्यांनी त्यातून 2400000.5 वजा करून सुधारित दिनांक वापरायला घेतला, तो आजही वापरात आहे. नांदगावचा उपाय आणि हा उपाय यांत चार शतकांहून जास्त अंतर आहे, पण बुद्धी एकाच दिशेने चाललेली आहे. आजच्या ग्रहगणिताच्या सूत्रांमध्येही 2000 च्या आरंभाची ग्रहस्थिती आणि त्यापुढची गती असाच घाट असतो, म्हणजे क्षेपक आला आणि गतीही आली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण अ‍ॅप वापरणाऱ्या मराठी मुलाला ‘हे गणित परकं आहे’ असं सांगण्याचं काही कारणच उरत नाही.

आता टप्प्याकडे वळू. एक दिवस पुढे जायचं, पण कोणता दिवस? सूर्य आज माध्यान्ही होता तिथून उद्या माध्यान्ही येईपर्यंत सरासरी 24 तास जातात. एखादा तारा मात्र आज जिथे होता तिथे उद्या 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांतच परत येतो. पहिला सावन दिवस, दुसरा नाक्षत्र दिवस. चांगल्या अ‍ॅपमध्ये दोन्ही टप्पे असतात. सावन दिवसाने पुढे सरकत गेलात तर घड्याळ तसंच राहतं आणि तारे रोज एकेक अंश पश्चिमेला घसरत जातात. नाक्षत्र दिवसाने गेलात तर तारे जागच्या जागी खिळून राहतात आणि ग्रह त्यांच्यामधून चालू लागतात. टप्पा निवडणं म्हणजे काय स्थिर ठेवायचं ते ठरवणं. एवढं लक्षात आलं की अ‍ॅप खेळणं राहत नाही, साधन होतं.

मंगळ वक्री होतो हे पंचांगात वाचलेलं असतं, पण वक्री म्हणजे काय ते पाहणारे थोडे. शाहपुऱ्याहून 1 नोव्हेंबर 2024, पहाटे 4 वाजता अशी वेळ लावा. मंगळ पूर्व आकाशात उंचावर, कर्क राशीत असेल. आता नाक्षत्र दिवसाचा टप्पा निवडून पुढे जा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मंगळ पूर्वेकडे सरकतो, हळूहळू मंदावतो आणि पुष्याच्या तारकापुंजाजवळ जवळजवळ थांबतो. मग उलटा फिरतो. 16 जानेवारी 2025 ला तो सूर्याच्या बरोबर समोर येतो, तेव्हा तो सर्वांत तेजस्वी. जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी पोलक्सच्या जवळून जातो. फेब्रुवारीच्या 24 तारखेच्या सुमारास पुन्हा थबकतो आणि मार्गी होतो. दर टप्प्याला घड्याळ चार-चार मिनिटांनी मागे येत असल्यामुळे पहाटे चारला सुरू केलेला हा प्रवास मार्चच्या मध्यावर संध्याकाळी सव्वासातला पोचतो. तारे तसूभर हललेले नसतात. सावन दिवसाच्या टप्प्याने हेच पाहायला गेलं तर सगळं आकाशच सरकतं आणि मंगळाचा फास त्यात हरवून जातो.

याच्या उलट, सूर्याबद्दल काही विचारायचं असेल तेव्हा सावन दिवसच हवा. शाहपुऱ्यात दुपारी 12 वाजता सूर्य दक्षिणोत्तर रेषेवर नसतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, 1 जानेवारी 1906 पासून ती लागू झाली. शाहपुरा साधारण 77.4 अंशांवर. पाच अंशांचा फरक म्हणजे वीस मिनिटं. म्हणून इथला सरासरी माध्यान्ह 12 वाजून 20 मिनिटांना. अ‍ॅपमध्ये 12.20 ही वेळ लावा, दक्षिणोत्तर रेषा दाखवायला सांगा आणि एकेक दिवस पुढे जा. सूर्य त्या रेषेच्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे जातो. फेब्रुवारीच्या मध्याला तो चौदा मिनिटं उशिरा पोचतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं आधी. वर्षभरात आकाशात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी एक लांबट आकृती तयार होते. पृथ्वीचा कललेला अक्ष आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा, दोन्हींचा तो एकत्र परिणाम.

जूनमध्ये थांबा. शाहपुरा 23.2 अंश अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त 23.4 वर, भोपाळ आणि सांचीच्या मधून जाणारं. मुंबईकरांना शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मिळतो, मधले दोन महिने सूर्य दुपारी उत्तरेकडे असतो. शाहपुऱ्यात हे दोन दिवस 13 जून आणि 29 जूनच्या आसपास येतात, जेमतेम सोळा दिवसांच्या अंतराने. मधल्या दिवसांत दुपारची सावली दक्षिणेला पडते, पण किती? 21 जूनला मीटरभर उंचीच्या काठीची सावली चार मिलिमीटर. प्रत्यक्षात ती कुणाला दिसणार, आणि त्या सुमाराला मान्सूनही दारात आलेला असतो. अ‍ॅपमध्ये मात्र सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला गेलेला स्पष्ट दिसतो.

सूर्य माथ्यावर केव्हा येतो हा प्रश्न या माळव्यात फार जुना आहे. उज्जैन भारतीय ज्योतिषाची मध्यरेखा, तिथून रेखांश मोजले जात. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे वेधशाळा बांधली. विसाव्या शतकात तिची पडझड झाली होती, तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने 1923 मध्ये गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली तिचा जीर्णोद्धार झाला. आपटे नुसते देखरेख करणारे नव्हते, गणिती होते. आजही त्या वेधशाळेतून ग्रहांच्या दैनंदिन स्थितींचं वार्षिक पंचांग निघतं. उज्जैन जिल्ह्यातल्या डोंगला या गावाजवळ कर्कवृत्त आणि जुनी मध्यरेखा एकमेकांना छेदतात, हे दाखवून देणारे विष्णु श्रीधर वाकणकर. भोपाळजवळच्या भीमबेटकाची चित्रं 1957 मध्ये त्यांनीच जगापुढे आणली. डोंगल्याला आता आधुनिक वेधशाळा उभी आहे.

अ‍ॅपमध्ये ठिकाण शाहपुऱ्याहून उज्जैनला हलवून पाहा. आकाश जवळजवळ तेच राहतं, कारण दोन्हींचा अक्षांश सारखाच, 23.2 च्या आगेमागे. ध्रुवताऱ्याची उंची तीच, माथ्यावरून जाणारे तारे तेच. फक्त सगळं साडेसहा मिनिटं उशिरा घडतं. उज्जैनच्या वेधशाळेतल्या सम्राट यंत्रावरची, म्हणजे तिथल्या सूर्यघड्याळावरची, सावली प्रमाणवेळेपेक्षा सरासरी 27 मिनिटं मागे चालते, शाहपुऱ्यात तसं यंत्र बांधलं तर ती वीस मिनिटं मागे चालेल. ठिकाण बदलणं हेही एका अर्थी काळ बदलणंच आहे, आणि याचा अनुभव घेण्यासाठी उज्जैनपर्यंत जायची गरज नाही.

भोपाळमधल्या मराठी घरांत संकष्टीला हा प्रश्न दर महिन्याला येतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बघितलेली चंद्रोदयाची वेळ मुंबईची असते. “अगं आई, ते मुंबईचं बघू नकोस, आपल्याकडे चंद्र आधी येतो,” असं सून सांगते आणि सासूबाईंना ते पटायला वेळ लागतो. मुंबई शाहपुऱ्याच्या साडेचार अंश पश्चिमेला, म्हणजे रेखांशामुळे 18 मिनिटांचा फरक. पण तो नेहमी 18 च राहत नाही. चंद्र बराच उत्तरेला असेल तेव्हा जास्त उत्तरेकडच्या भोपाळला तो आणखी आधी उगवतो, फरक पंचवीसच्या पुढे जातो. दक्षिणेला असेल तेव्हा फरक दहाच्या आसपास येतो. अ‍ॅपमध्ये चतुर्थीची रात्र लावून टप्पा एक मिनिटाचा करावा आणि चंद्र क्षितिजरेषेला टेकेपर्यंत पुढे-मागे करावं. मग त्याच वेळेवर काळ थांबवून ठिकाण मुंबई करावं. चंद्र क्षितिजाखाली गेलेला दिसतो. एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुठल्याही घरात वाद उरत नाही. समोर सात मजली इमारत असेल तर तिच्यावरून चंद्र दिसायला आणखी किती वेळ लागेल, तेही चंद्राची उंची पाहून सांगता येतं. दर चार मिनिटांना तो जवळजवळ एक अंश चढतो.

परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी हीच युक्ती वापरताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं. काही अ‍ॅप ठिकाण बदललं की त्या ठिकाणची वेळ दाखवतात, काही फोनचीच वेळ चालू ठेवतात. न्यू जर्सी निवडून ‘रात्री 9’ लावलं, पण अ‍ॅप अजून भारतीय वेळेवरच असेल तर तिथे सकाळ असते आणि पडद्यावर सूर्य असतो. वेळेच्या बाजूला कोणतं वेळक्षेत्र लिहिलं आहे ते आधी वाचावं.

अ‍ॅपवर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी, आणि ती घेण्याची रीत आपल्याकडे ठरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात पंचांगांचा मोठा वाद झाला. जुन्या सारण्यांवरून काढलेली ग्रहणं आणि युती आकाशाशी जुळेनाशा झाल्या होत्या. केरो लक्ष्मण छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक यांचं म्हणणं एकच: गणित दृक्प्रत्ययाला उतरलं पाहिजे, म्हणजे जे गणिताने येईल ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. अ‍ॅपच्या बाबतीत याचा अर्थ असा, की भूतकाळात जाण्याआधी ‘आत्ता’ दाबून गच्चीवर जावं आणि गुरू, शुक्र, एखादा ठळक तारा जिथे दाखवला आहे तिथे आहे का ते पाहावं. नसेल तर बहुधा गणित चुकलेलं नसतं. फोनचं होकायंत्र जवळच्या लोखंडाने भरकटलेलं असतं, किंवा अ‍ॅप काल लावलेल्या एखाद्या जुन्या तारखेवरच अडकून राहिलेलं असतं.

वर्तमानात परीक्षा पास झालेलं अ‍ॅपही भूतकाळात आपल्याला फसवू शकतं. त्याचं गणित बरोबर असतं, तारखेचा अर्थ बदललेला असतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक 6 जून 1674, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596. अ‍ॅपमध्ये ठिकाण रायगड, तारीख 6 जून 1674, संध्याकाळी 7 अशी लावून पाहा. पश्चिमेला चंद्राची पातळ कोर दिसते. त्रयोदशीचा चंद्र असा कसा असेल? वार पाहिला तर बुधवार निघतो. आता दहा दिवस पुढे, 16 जून करा. जवळजवळ भरलेला चंद्र पूर्वेकडे वर आलेला, पौर्णिमेला दोनेक दिवस बाकी. वार शनिवार. हे बरोबर आहे.

कारण असं, की 6 जून ही तारीख जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. राज्याभिषेकाला हजर असलेला हेन्री ऑक्झेंडन आणि त्याचे इंग्रज सहकारी 1752 पर्यंत तीच दिनदर्शिका पाळत होते. युरोपातल्या कॅथलिक देशांनी मात्र 1582 मध्येच 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर धरून नवी दिनदर्शिका स्वीकारली. बहुतेक अ‍ॅप हा बदल 1582 मध्येच झाला असं धरून चालतात. त्यामुळे 1582 नंतरची जुनी इंग्रजी तारीख सतराव्या शतकासाठी दहा दिवस पुढे करून भरावी लागते. वाराचीही एक बाजू आहे. अभिषेक पहाटे, सूर्योदयाआधी सव्वा तासाच्या सुमारास झाला. आपल्या पद्धतीत वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून तेव्हाच्या हिशेबाने अजून शुक्रवारच होता. अ‍ॅपचा दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून तिथे शनिवार. जुने ज्योतिषी अहर्गण काढला की त्याला सातने भागून वार जुळतो का ते पाहत आणि एका दिवसाचा फरक आला तर दुरुस्त करीत. चंद्राची कला आणि वार, या दोन कसोट्यांवर कुठलीही जुनी तारीख घासून पाहता येते. तिथी इथे दिनदर्शिकेपेक्षा भक्कम साक्षीदार ठरते, कारण ती आकाशातच लिहिलेली आहे.

आणखी मागे गेलं की आणखी दोन अडचणी येतात. अ‍ॅपमध्ये शून्य वर्ष असतं, इतिहासात नसतं, म्हणून इसवी सनापूर्वी 3000 साठी उणे 2999 भरावं लागतं. दुसरी अडचण जास्त खोल आहे. चंद्राच्या भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावतं. हजार वर्षांपूर्वीसाठी हा साचलेला फरक सुमारे अर्ध्या तासाचा आहे, तीन हजार वर्षांपूर्वीसाठी सुमारे सात तासांचा. म्हणजे इतक्या जुन्या काळी ग्रहण झालं हे गणित नक्की सांगतं, पण ते उज्जैनवरून दिसलं की अरबस्तानावरून, हे या फरकाचा अंदाज किती बरोबर आहे त्यावर ठरतं. अ‍ॅप मात्र पडद्यावर तितक्याच ठामपणे चित्र काढतं. त्या ठामपणाला भुलू नये.

या अडचणीतून सुटणारा एक प्रश्न आहे, आणि तो मराठी माणसाने हाताने सोडवलेला आहे. टिळकांनी 1893 मध्ये ‘ओरायन’मध्ये वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो ती जागा, मृगशीर्षाजवळ असल्याच्या खुणा वैदिक वाङ्मयात शोधल्या. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी शतपथ ब्राह्मणातल्या एका विधानाकडे लक्ष वेधलं: कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे डुलतो, त्याची एक फेरी सुमारे 26 हजार वर्षांची, त्यामुळे तारा कुठे उगवतो ती जागा शतकांमागून शतकं सरकत राहते. कृत्तिका बरोबर पूर्वेला केव्हा उगवत होत्या? दीक्षितांनी गणित केलं आणि उत्तर इसवी सनापूर्वी 3000 च्या सुमाराचं आलं.

हे अ‍ॅपमध्ये पाहायला पाच मिनिटं पुरतात. ठिकाण शाहपुरा. कृत्तिकेचा योगतारा, म्हणजे तिचा मुख्य तारा, निवडून तो क्षितिजावर येईपर्यंत वेळ पुढे-मागे करायची आणि दिगंश वाचायचा. आज तो पूर्वेपासून 26 अंश उत्तरेला सरकून उगवतो. आता टप्पा शंभर वर्षांचा करून मागे जायचं आणि थांबून थांबून उगवण्याची जागा पाहायची. ती पूर्वेकडे येत राहते आणि उणे 2999 च्या आसपास नेमक्या पूर्वेवर टेकते. इथे पृथ्वीच्या मंदावण्याचा काही प्रश्न येत नाही, कारण तारा कोणत्या घटकेला उगवला हे विचारलेलंच नाही, कुठे उगवला एवढंच विचारलं आहे. अर्थात त्या वाक्यावरून ग्रंथाचा काळ ठरतो का, ते प्रत्यक्ष वेधावर आधारलेलं आहे की जुनी परंपरा जपलेली आहे, यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि अ‍ॅप ते सोडवू शकत नाही. तारे कुठे होते हे ते सांगतं. ते कोणी पाहिलं आणि केव्हा लिहिलं हे ग्रंथ वाचणाऱ्यांचं काम आहे.

त्याच कृत्तिकांना आता पुढे आणत या. शंभर-शंभर वर्षांनी त्या उत्तरेला सरकतात, त्यामुळे दक्षिणोत्तर रेषा ओलांडताना त्यांची उंचीही बदलत जाते. आज शाहपुऱ्यात त्या माथ्यापासून अंशभर उत्तरेने जातात. पण टप्पा दहा वर्षांचा करून 1700 ते 1730 या काळात थांबलात, तर योगतारा शाहपुरा आणि उज्जैन दोन्हींच्या जवळपास बरोबर माथ्यावरून जाताना दिसेल, अंशाच्या दहाव्या भागाइतकाही फरक नाही. जयसिंहाची वेधशाळा त्याच सुमाराची. तिथल्या भित्ती यंत्रावर दक्षिणोत्तर रेषेवरच्या ज्योतीचं माथ्यापासूनचं अंतर मोजतात. त्या वर्षांत कृत्तिकेच्या योगताऱ्यासाठी ते अंतर शून्याच्या घरात येत होतं, आणि पुढच्या तीनशे वर्षांत सरकत सरकत ते एका अंशाच्या जवळ पोचलं आहे.